क्षमता तीनशे बावन्न

आमच्या अधीक्षकांनी एका आठवड्यात, एकही वीट न लावता, सावळगड जिल्हा कारागृहात एकशे सहासष्ट माणसांची नवी जागा निर्माण केली. ती कशी केली हे मी जवळून पाहिलं, कारण त्या कागदांचं टायपिंग माझ्याकडेच होतं.

मी नाहीद शेख. कारागृहाच्या न्यायालयीन विभागात कनिष्ठ लिपिक. बल्लारपूरला राहते, रोज स्कूटीने येऊन-जाऊन पन्नास किलोमीटर करते. कोर्टाचं वॉरंट आलं की बंद्याचं नाव नोंदवहीत चढवायचं आणि सुटकेचा हुकूम आला की नाव जुळवून फाईल साहेबांपुढे ठेवायची, हे माझं काम. नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत चार अधीक्षक आले. पहिले तीन नुसते आळशी होते. आळशी साहेबाचा त्रास नसतो.

चौथे धनराज वाढई. त्यांना कामाची हौस होती. जानेवारीत रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात बंद्यांकडून कुंड्यांना लाल-पांढरा रंग मारून घेतला. मग आवारातल्या झाडांना क्रमांक दिले. मग दर सोमवारी सकाळी ‘विचारमंथन’ सुरू केलं, ज्यात मंथन तेच करायचे आणि आम्ही चहा प्यायचो. आतल्या बराकींत ते सहसा जात नसत. तिथे वास येतो, असं त्यांनी एकदा मला सांगितलं होतं, जणू ती माझ्या माहितीत भर होती.

जुलैच्या एका सोमवारी त्यांनी पाहणी समितीचं पत्र वाचून दाखवलं. समिती शुक्रवारी येणार होती. गेटच्या आत एक फलक आहे. त्यावर रोज खडूने आकडे लिहितात. त्या दिवशी लिहिलं होतं : मंजूर क्षमता १८६, आजची संख्या ४१७. पैकी महिला क्षमता १०, संख्या २७.

“दोनशे चोवीस टक्के,” साहेब म्हणाले. “हे बरं दिसत नाही.”

तुरुंगाधिकारी म्हणाले, “साहेब, बंदी कमी करणं तर आपल्या हातात नाही.”

“बंदी कोण कमी करायला सांगतंय? टक्केवारी कमी करायची आहे. क्षमता म्हणजे काय? माणशी चाळीस चौरस फूट. बरोबर? मग जागा नीट मोजली कोणी? जुन्या लोकांनी फक्त बराकींच्या आतलं धरलं. व्हरांडे आहेत, ग्रंथालय आहे, शिवणकामाचा हॉल आहे. ग्रंथालयात रात्री कोणी वाचतं का? नाही ना? मग ती निजायला मोकळी जागा झाली.”

आमच्या ग्रंथालयात एक लोखंडी कपाट आहे आणि त्याची किल्ली तीन वर्षांपासून हरवली आहे.

पुरुषांकडचं मोजमाप करायला बशीरभाऊंना काढलं. हे फरशी बसवणारे मिस्त्री. एका बांधकामावर त्यांच्या हाताखालचा मजूर परांचीवरून पडून मेला. ठेकेदाराला अटकपूर्व जामीन मिळाला आणि मिस्त्री आत आले. दीड वर्ष झालं होतं. त्यांच्या हातात टेप दिला, वही माझ्या हातात. बराक क्रमांक दोनच्या दारात उभं राहून त्यांनी नुसती नजर फिरवली.

“मॅडम, टेपाची गरज नाई. फरशी दोन बाय दोनची हाय. लांबीत मोजा, रुंदीत मोजा, झालं.”

“साहेबांना टेपाचं माप हवंय.”

“घ्या मग टेपाचं.” त्यांनी वाकून टेप ओढला. “पन मी पयल्याच दिवशी हिशेब केला होता. एका मानसाच्या वाट्याले साडेचार फरश्या येते. म्हनजे अठरा चौरस फूट. त्यातच थाली, बादली, चपला. तुमाले सांगू? कबरबी साडेसहा बाय अडीचची खोदते. सोळा फूट. दोन फूट जास्त भेटून राह्यले आमाले, सरकारची मेहेरबानी.”

मी वहीत फक्त लांबी-रुंदी लिहिली. व्हरांडा मोजला. पावसाचं पाणी आत आलं होतं, ते पायाने बाजूला सारून मोजला. आंघोळीच्या हौदाभोवतीचा ओटाही मोजायचा होता.

“इथी निजनार कोन?” बशीरभाऊंनी विचारलं.

“कोणी नाही. कागदावर.”

“मग टाका छताचंबी माप. वरबी चिकटवता येते लोकाइले.”

मी हसले. आता त्या हसण्याची लाज वाटते, पण तेव्हा मजा वाटली होती.

महिला विभागात पुरुषांना जाता येत नाही, म्हणून तिथलं माप मी आणि रोशनी घेणार होतो. रोशनी तिथली रक्षक, आलापल्लीकडची, माडिया बोलता येणारी आमच्याकडची एकटीच. महिला विभाग म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीमागची एक लांबट खोली, पुढे व्हरांडा आणि चार पावलांचं अंगण. चारशे चौरस फुटांत सत्तावीस बाया आणि एक तान्हं मूल. बशीरभाऊंच्या पद्धतीने मनातल्या मनात भागाकार केला. पंधरा फूटसुद्धा येत नव्हते. कबरीचा आकडा आठवला आणि मी भागाकार तिथेच सोडला.

संडासाच्या दाराजवळचा कोपरा मोजायचा होता. तिथे एक म्हातारी बसली होती. रोशनीने तिला सरकायला सांगितलं. म्हातारी उठली, शेजारचं गाठोडं काखेत मारलं आणि सरकायच्या ऐवजी थेट लोखंडी दारापाशी जाऊन उभी राहिली.

“हिला काय झालं?” मी विचारलं.

“बुधरी आहे मॅडम. भामरागडच्या पलीकडची. ते नेहमीच असं करते. कोनी उठ म्हनलं का तिले वाटते सोडून राह्यले.”

“का वाटतं?”

रोशनीने तिला माडियात विचारलं. म्हातारी थोडक्यात बोलली, माझ्याकडे न बघता.

“ते म्हनते का टीव्हीतल्या जजसाहेबानं सांगतलं होतं, घरी जा. पंडुमाच्या आधी. तवापासून गाठोडं बांधूनच बसते. बाकीच्या बाया हासते तिले.”

टीव्ही म्हणजे व्हिडिओवरची पेशी. पंडुम म्हणजे त्यांचा सण. कोणता ते मी विचारलं नाही. रोशनीही म्हणाली, “तिले समजलं नसन मॅडम. तिथी कोनाले माडिया येते?”

मलाही तसंच वाटलं. कोपरा मोजून आम्ही बाहेर आलो. बुधरी दारापाशी उभीच होती.

ऑफिसात आकडे चढवताना मात्र मन लागेना. मी तिची नोंद काढली. बुधरी जोगा मडावी, वय साठ, गुन्हा मोहाची दारू बाळगल्याचा. गडचिरोलीत दारूबंदी आहे. सणासाठी गाळलेल्या हंड्यासकट पोलिसांनी तिला आणलेली. आत आल्याला आठ महिने. फाईलमध्ये जामिनाचा कागद नव्हता. तरी मी फेब्रुवारीची जावक वही उघडली, कारण पंडुमाच्या आधी म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर, एवढा अंदाज मला होता.

एकोणीस फेब्रुवारी. कोर्टाचा हुकूम : बुधरी डोलू मडावी, वय पंचावन्न, हिला वैयक्तिक जातमुचलक्यावर सोडावे. जामीनदार लागणार नव्हता, कोणाच्या सातबाऱ्याची गरज नव्हती, फक्त तिचा अंगठा हवा होता. त्याखाली आमचा शेरा : “सदर नावाची बंदी या कारागृहात दाखल नाही. हुकूम परत.” त्याखाली सही.

सही माझी होती.

जोगा तिचा बाप. डोलू नवरा. पोलिसांनी वॉरंटवर बापाचं नाव लिहिलं, वकिलाने अर्जात नवऱ्याचं. गुन्हा क्रमांक दोन्हीकडे तोच होता, ठाणं तेच, तारीख तीच. मी फक्त नाव पाहिलं होतं. त्या दिवशी चाळीसेक हुकूम आले असतील, किंवा मला लवकर निघायचं असेल. आठवत नाही. आठवत नाही म्हणजे माझ्या लेखी ते काहीच नव्हतं. साहेबांना मी सहा महिने मनातल्या मनात हसत होते. माझ्या सहीने तर एक बाई पाच महिने संडासाच्या दारात बसून होती.

बुधवारी सकाळी मी दोन्ही कागद साहेबांपुढे ठेवले. चूक माझी आहे, हे पहिल्या वाक्यातच सांगितलं.

त्यांनी कागद शांतपणे वाचले. मग दार लावून घ्यायला सांगितलं.

“मॅडम, इन्स्पेक्शन परवा आहे.”

“हो साहेब. म्हणूनच आज सोडली तर...”

“आज सोडली तर पाच महिने बेकायदा ठेवली हे आजच्या तारखेला रेकॉर्डवर येईल. परवा समितीने सुटका रजिस्टर मागितलं तर सगळ्यात वरची नोंद हीच. शुक्रवार जाऊ द्या. पुढच्या आठवड्यात आपण एक विशेष मोहीम काढू. ‘विसरलेल्या बंद्यांचा शोध.’ त्यात हिला पहिली काढू. बातमी पण चांगली होईल.”

“साहेब, तिला आपणच विसरलो.”

“ते बातमीत कशाला लिहायचं?” मग त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं. “मी तुम्हालाच वाचवतोय हो. सही तुमची आहे.”

मी उठले तेव्हा त्यांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला होता. महिला विभागाची नवी क्षमता चोवीस धरली होती. “आत्ता एकशे बारा टक्के,” ते स्वतःशी म्हणाले. “एक गेली तर एकशे आठ. तसं बघितलं तर गेलेलीच बरी.” ते खरोखर विचारात पडले. एका म्हातारीला घरी जाऊ द्यावं की नाही, हा प्रश्न त्या माणसाच्या डोक्यात पहिल्यांदा शिरला तो चार टक्क्यांच्या दाराने.

पण त्यांना धीर झाला नाही. “शुक्रवारनंतर,” ते म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत मी कोर्टाच्या मेलवर पत्र पाठवलं. दोन्ही कागद जोडले, गुन्हा क्रमांक लिहिला आणि खाली स्पष्ट लिहिलं : नाव जुळवताना माझ्याकडून चूक झाली, बंदी याच कारागृहात आहे, योग्य आदेश व्हावा. कार्यालयाच्या मेलवरून पाठवलं, माझ्या नावाने. घरी गेल्यावर माझ्या नवऱ्याने, जिशानने, विचारलं, “नोकरी जाईल का?” मी म्हटलं, जाणार नाही, पण सडवतील. तो म्हणाला, “मग ठीक आहे.” त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे; त्याच्या धंद्यात चूक झाली तर गिऱ्हाईक तोंडावर शिव्या देतं आणि विषय संपतो.

गुरुवारी दुपारी अडीच वाजता कोर्टाचं उत्तर आलं. बंदीस तात्काळ मुक्त करावे व विलंबाबाबत अधीक्षकांनी खुलासा सादर करावा. तात्काळ या शब्दाखाली कोणीतरी रेघ मारली होती. कोण होता तो टंकलेखक मला माहीत नाही, पण त्या सगळ्या आठवड्यात मला आदर वाटला असा तो एकच सरकारी माणूस.

साहेबांनी अर्धा तास केबिनचं दार लावून घेतलं. मग एकदम उत्साहात आले. फोटोवाल्याला बोलावलं, स्टोअरमधून नवं लुगडं मागवलं, बागेतून गुलाब तोडून आणवला. बुधरीला लाल गेटजवळ आणलं. तिचा अंगठा मी घेतला. अंगठा शाईत बुडवताना ती माझ्याकडे पाहत होती, आणि मी मान वर केली नाही.

“सांग तिला,” साहेब रोशनीला म्हणाले, “आजपासून तिचं नवं आयुष्य सुरू. हे फूल घे आणि इकडे कॅमेऱ्याकडे बघ.”

रोशनीने सांगितलं. बुधरीने फुलाकडे पाहिलं, साहेबांच्या टोपीपासून बुटांपर्यंत पाहिलं आणि रोशनीला काहीतरी विचारलं.

“काय म्हणते?” साहेब कॅमेऱ्याकडे हसत म्हणाले.

रोशनी अडखळली. “साहेब... ते विचारून राह्यली का हा मानूस इथी काय काम करते.”

फोटोवाला खोकला. साहेबांनी हसू तसंच धरून ठेवलं, पण बुधरी थांबलीच नाही. नवं लुगडं खुर्चीवर राहिलं. जुनं गाठोडं काखेत घेऊन ती छोट्या दारातून वाकून बाहेर पडली, आणि फोटोत फक्त साहेब आले, हातात गुलाब घेतलेले.

रोशनीने आठवड्याची रजा टाकली आणि तिच्यासोबत एसटीने गेली. एकटीला सोडली तर ती कुठल्या गाडीत बसेल, याचा भरवसा नव्हता. तिकिटाचे पैसे मी देऊ केले. रोशनी म्हणाली, “राहू द्या मॅडम, वर्दीवर हाय मी, माहं लागत नाई. तिचं मी काढते.”

शुक्रवारी समिती आली. फलकावर ऑइलपेंटने नवे आकडे रंगवले होते : मंजूर क्षमता ३५२. खडूने लिहिलेली संख्या ४१६. समितीतल्या एका सदस्याने विचारलं, “क्षमता वाढलेली दिसते?” साहेब म्हणाले, “सर, उपलब्ध जागेचं शास्त्रशुद्ध नियोजन.” सदस्य म्हणाले, “वा.” सगळे बराक क्रमांक एकच्या दारापर्यंत गेले. आधीच तिथली अर्धी माणसं मैदानात नेऊन बसवली होती. बशीरभाऊ त्यांतच होते. कोणाची काही तक्रार आहे का, असं समितीने मैदानाला विचारलं. मग ऑफिसात पोहे झाले, जिलबी झाली, आणि अभिप्राय वहीत लिहिलं गेलं : ‘मर्यादित साधनांत अनुकरणीय काम.’ मी ते वाक्य तीनदा वाचलं. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांना व्हरांड्यातलं पाणी दिसलं नाही, की दिसलं आणि जिलबी जास्त जवळ होती, कोण जाणे.

साहेबांना प्रशस्तिपत्र आलं. ते त्यांनी काचेत लावलं. आणि मग, बरोबर तीन आठवड्यांनी, वरून एक आदेश आला. शेजारच्या एका कारागृहात फार गर्दी होती. तुलनेने आपल्याकडची टक्केवारी समाधानकारक असल्याने साठ बंदी आपल्याकडे वर्ग करण्यात येत आहेत.

साहेबांनी आदेश दोनदा वाचला. “अहो, पण ठेवायचे कुठे?” ते मला विचारत होते. खरोखर, निरागसपणे.

“ग्रंथालयात, साहेब,” मी म्हटलं.

दोन गाड्या भरून माणसं आली. गेटवर झडती व्हायला चार तास लागले. बराक दोनमध्ये माणसं पाळीपाळीने निजू लागली. सात दिवसांत खरजेची साथ आली. बशीरभाऊंना मी मुलाखत खिडकीशी पाहिलं तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांना फडकी बांधलेली होती. ते माझ्याशी बोलले नाहीत. त्या मापाच्या कागदावर मिस्त्री म्हणून त्यांचं नाव होतं. आणि बराकीत सगळ्यांना ते माहीत झालं होतं.

त्याच सुमारास मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. वरिष्ठांच्या परवानगीशिवाय कोर्टाशी परस्पर पत्रव्यवहार का केला, सात दिवसांत खुलासा करावा. फेब्रुवारीच्या चुकीबद्दल एक शब्द नव्हता. चूक त्यांना चालत होती. ती कळवलेली चालत नव्हती.

खुलासा लिहायला बसले त्या दुपारी रोशनी माझ्या टेबलाशी आली. रजा संपूनही तीन आठवडे ती परतलीच नव्हती, त्याच दिवशी रुजू झाली होती. भामरागडच्या अलीकडे नदीला पूर होता, रस्ता बंद. दोघी पाच दिवस रोशनीच्या मावशीकडे राहिल्या, मग डोंग्याने पलीकडे गेल्या, मग चालत.

“पोहोचली ना?”

“पोचली. पन मॅडम, गावात गेलो तर बाया पळाल्या. खरंच पळाल्या.” रोशनी खुर्चीवर बसली. “तिचा दिवस करून टाकला होता त्याइनं. मेलेल्याच्या नावानं करते तसा दगडबी उभा केला. तिचा नवरा, डोलू, उन्हाळ्यात इथी आला होता. चालत, मंग एसटीनं. गेटवर इचारलं त्यानं. गेटवाल्यानं आत फोन करून सांगतलं, अशी कोनी बाई इथी नाई. म्हातारा दोन दिवस बाहेर झाडाखाली बसला आनि गेला. गावात सांगतलं का जेलातबी नाई, घरीबी नाई, मंग मेलीच असन.”

“मग आता?”

“आता काय. म्हातारा तिच्या हातालेच धरून बसला होता. गावचा पुजारी म्हने, दगड तसाच राहू द्या, पुढं कामी येईल. बुधरी हासली त्याच्यावर. मले पयल्यांदाच हासताना दिसली ते.”

रोशनी गेल्यावर मी गेटवरची मुलाखत वही मागवली. मार्चची पानं उलटली. अकरा तारखेला नोंद होती : डोलू मडावी, नातं पती, भेट बुधरी डोलू मडावी. शेरा : बंदी दाखल नाही, न्यायालयीन विभागाकडून खात्री केली. म्हणजे फोन माझ्याच टेबलावर आला होता. त्यानंतर मी फेब्रुवारीपर्यंत मागे जाऊन परत पाठवलेले सगळे हुकूम काढले, आणि त्याआधीच्या वर्षाचेही. गुन्हा क्रमांक लावून एकेक जुळवायला दोन दिवस लागले. आणखी तीन माणसं सापडली. एक जण नागभीडचा होता, आडनावात एक काना कमी होता म्हणून सात महिने आत.

तिन्ही हुकूम कोर्टाला मेल केले, पुन्हा कोणाला न विचारता. मग मुलाखत वहीच्या त्या पानाची झेरॉक्स काढली, खुलाशाला जोडली आणि लिहिलं : होय, परस्पर कळवलं. यापुढेही कळवेन. आवक क्रमांक टाकून, शिक्का मारून, मी तो कागद साहेबांच्या केबिनमध्ये नेऊन ठेवला. ते नव्या टिपणीवर वाकले होते. दुमजली पलंग धरले तर क्षमता सातशे चार होते, असं त्यांचं गणित निघत होतं, आणि गुणाकार बरोबर आहे का ते मी तपासून द्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं.